तंबीला जाऊं दे आधीं

घरमालकानं भाडेकरूला बाहेर काढल्याच्या गोष्टी प्रत्येकाकडे दोन-चार असतात. पण भाडेकरू राहावी म्हणून घरमालकानंच आपलं बिऱ्हाड उचललं, असं मी आयुष्यात एकदाच पाहिलं, आणि ती भाडेकरू मीच होते. त्या माणसाचे उपकार मी फेडायला गेले नाही, कारण फेडलेलं त्यांना चाललं नसतं. निदान सांगावेत तरी, म्हणून लिहायला बसले आहे.

हे कुंभकोणमचं, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीचं. मिरजेला नर्सिंग शिकून मी नुकती बाहेर पडले होते. ज्यांच्या हाताखाली शिकले त्या डॉक्टरीणबाई मूळच्या कुंभकोणमच्या. त्यांनी गावी परत जाऊन बाळंतपणाचा दवाखाना काढला आणि मला बोलावून घेतलं. मी बिनलग्नाची, परगावची, तमिळचं अक्षर न येणारी, आणि त्यातून सुईणीचं काम करणारी. देवळाजवळच्या सोवळ्याच्या गल्ल्यांत यातली एकेक गोष्ट दार लावून घ्यायला पुरेशी होती. खोली बघायला गेले की बायका हसून बसवायच्या, आणि माझं काम कळलं की त्यांच्याकडे त्याच आठवड्यात पाहुणे यायचे असायचे. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मागच्या गल्लीत एक मराठी मास्तर आहेत. बायको वारली, एकटे राहतात. माडीवरची खोली देतील. पण त्यांच्याकडे कुत्रा आहे हं."

मी म्हटलं, कुत्र्याचं काय एवढं!

दार ढकलून बाहेर आलं ते मला आधी वासरूच वाटलं. राखी रंग, माझ्या कमरेला लागेल अशी पाठ, आणि त्यावर हे एवढं डोकं. मी ओट्याला चिकटून उभी. मागून एक किडकिडीत म्हातारे गृहस्थ आले, कमरेला पंचा, कपाळावर बुक्का.

"भिऊं नको गे," ते म्हणाले. "हालूं नको. तुज राहूं द्यायचं कीं नाहीं तें तंबी सांगल."

तंबीनं मला पायापासून वर हुंगत नेलं. माझ्या हातांना दवाखान्यातल्या औषधाचा वास होता, तिथं तो बराच वेळ थांबला. मग वळून त्यानं आपलं सगळं अंग माझ्यावर रेललं. ही त्याची माया करायची तऱ्हा होती, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी ओट्यावर धप्पकन बसले.

"सिद्ध झालं," मास्तर म्हणाले. "खोली तुजी."

ते हायस्कुलात भूमिती शिकवून निवृत्त झाले होते आणि "सिद्ध झालं" हे त्यांच्या तोंडी बसलं होतं. भात शिजला, सिद्ध झालं. कॉफी संपली, सिद्ध झालं. गल्लीतली पोरं त्यांना 'नायमामा' म्हणत, नाय म्हणजे तमिळमध्ये कुत्रा. मी नुसतंच मामा म्हणायला लागले.

मामांचे पूर्वज तंजावरच्या मराठी राजांच्या वेळी तिकडे गेलेले. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, असा कडक कायदा. त्यांची मराठी ऐकून मला पहिले काही दिवस हसू यायचं, आणि माझी ऐकून त्यांना कीव यायची. "आमची राजांसंगें आली तशी ठेवली," ते म्हणायचे. "तुमची अस्की बिघडली गे. तिकडे कोणी लक्ष देत नाहीं काय?" अस्की म्हणजे सगळी, तसंच होणा म्हणजे हवं. मी वाद घालायची आणि हरायची.

पण या कायद्याचा एक फायदा झाला. तंबी घरातला, म्हणून त्याच्याशी मामा मराठीच बोलत. परिणाम असा, की अख्ख्या गल्लीत माझं बोलणं कळणारे दोघेच, एक मामा आणि दुसरा तंबी. मामा संध्याकाळी देवळात जात तेव्हा एकटा तंबी. दवाखान्यातून दमून आले की मी जिन्याच्या पायरीवर बसून त्याला दिवसभराचं सांगायची. मिरजेची आठवण यायची, रडू यायचं. तो माझ्या मांडीवर डोकं ठेवायचा आणि माझा पदर लाळेनं भिजवायचा. त्या गावात मी टिकले त्याचं निम्मं श्रेय मी त्या लाळेला देते. उलट बाजूला गल्लीची पंचाईत अशी, की तंबीला हाकलायचं तर मराठीतूनच हाकलावं लागे. समोरच्या घरच्या म्हाताऱ्या पाटी, म्हणजे आजी, त्यासाठी दोनच मराठी शब्द शिकल्या होत्या, आणि ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचे: "मागं हो!"

हे एवढं जनावर मामांनी मुद्दाम आणलं होतं असं नाही. निलगिरीच्या चहाच्या मळ्यावर त्यांचा एक जुना विद्यार्थी होता. मामी वारल्यावर मास्तरांना सोबत असावी म्हणून त्यानं आंब्याच्या टोपलीतून एक पिल्लू रेल्वेनं पाठवलं. चांगल्या जातीचं आहे एवढंच कळवलं, कुठल्या ते कळवलं नाही. मामांनी लहानखुरं म्हणून त्याचं नाव तंबी ठेवलं, धाकटा भाऊ. तंबी वाढत गेला. मामा सगळ्यांना सांगत राहिले, आतां थांबल. तो थांबला तेव्हा बैलगाडीच्या चाकाला खांदा लावून उभा राहत होता. ग्रेट डेन हे नाव त्यांना गुरांच्या डॉक्टरकडून कळलं, तोवर त्याला परत पाठवण्याचीही सोय राहिली नव्हती.

शहरात असं जनावर ठेवणं म्हणजे काय, ते मी त्या घरात पाहिलं. दारापासून चौकापर्यंत एक लांब अरुंद बोळ होता. त्यात तंबीला वळता येत नसे. मधेच मन बदललं तर त्याला शेवटपर्यंत मागं मागं जावं लागे. तो आणि माणूस एका वेळी त्यातून जाऊ शकत नसत, म्हणून मामा दोन्ही तळवे भिंतीला लावून चपटे उभे राहत आणि म्हणत, "तंबीला जाऊं दे आधीं." पाहुण्यालाही तसंच उभं राहावं लागे. कोपऱ्यावरचे वकीलसुद्धा एकदा अंगवस्त्र सावरत भिंतीला चिकटलेले मी पाहिलेत. शेपटीच्या उंचीवर ठेवलेली कुठलीही वस्तू त्या घरात टिकत नसे. दगडी फरशीवर बसून बसून त्याच्या कोपरांना घट्टे पडले होते आणि त्यातून रक्त यायचं. मी त्याला मलम लावून पट्ट्या बांधायची, आणि तो त्या खायचा. वैशाखात तर तो न्हाणीघरात जाऊन पडे आणि उठत नसे. आम्ही आंघोळी विहिरीवर करायचो.

खाण्याचा प्रश्न त्याहून मोठा. तांदळाचं रेशन नुकतंच उठलं होतं, आणि तंबीला एका वेळी लागायचा तेवढा भात पाच माणसांना पुरला असता. त्याला मांस हवं, असं डॉक्टरनं बजावलं होतं. मामांचं घर विठ्ठलभक्तांचं, कांदासुद्धा वर्ज्य. तोड अशी निघाली, की मागच्या गल्लीत टांगेवाल्याच्या तबेल्यात मटणाची हाडं शिजायची, आणि मामा तंबीला तिथं नेऊन स्वतः भिंतीकडे तोंड करून नामस्मरण करत उभे राहायचे.

"मामा, याला काय अर्थ आहे?" मी एकदा विचारलं.

"मी पाहत नाहीं," ते म्हणाले. "विठ्ठल पाहतो. त्याला राग आला तर तो सांगल."

एकादशीला मात्र तबेला बंद. मामांच्या चौकात आजोबांच्या वेळेपासून एकादशीचं भजन चालत आलं होतं, मरुदानल्लूरच्या मठाच्या वळणाचं. ते भजन म्हणजे त्या गल्लीचा आणि मामांचा प्राण होता. गल्लीतले सगळे यायचे, वकील झांजा घ्यायचे, पाटी खांबाला टेकून बसायच्या. ज्या घरात भजन त्या घरातल्या कोणीही एकादशीला खायचं नाही, आणि तंबी तर घरातलाच. तो दिवसभर उपाशी राही आणि भजनात कण्हत पडून राही. लोक म्हणत, बघा, कुत्रासुद्धा नाम घेतो.

दुसऱ्या दिवशी द्वादशीचं पारणं. तिकडे द्वादशीला हादग्याचा पाला खातात. तंबीपुढेही भात, दही आणि हादगा यांचा डोंगर ठेवला जायचा, आणि उपाशी जनावर तो दोन मिनिटांत संपवायचं. मग मामा त्याला कावेरीवर मोकळं पळायला न्यायचे. पुण्याईचं सगळं कसं रीतसर.

अशाच एका द्वादशीला तो नदीवरून आला तो धड बसेना, धड उभा राहीना. ओकायचा प्रयत्न करी, पण काही पडेना. मी पोटाला हात लावला. ते टम्म फुगलं होतं, आणि टिचकी मारली तर पखवाजासारखं वाजलं. माणसाचं असं पोट मी पाहिलं असतं तर सर्जनला बोलावलं असतं. नशीब असं, की गुरांचे डॉक्टर त्या दिवशी पापनाशम्‌हून फेरीला आले होते. त्यांच्याकडे गाई फुगल्यावर वापरायची पोकळ सुई होती, बोटाएवढी जाड. कुत्र्याला त्यांनी ती कधी लावली नव्हती. मी म्हटलं, मी धरते, तुम्ही लावा. मामांनी तंबीचं डोकं मांडीत घेतलं. सुई आत गेली, आणि सगळ्या घरात आंबलेल्या हादग्याचा वास सुटला. इतक्या घाण वासानं मला कधी इतका आनंद झाला नव्हता.

डॉक्टरनं हात धुतले आणि मामांना स्पष्ट सांगितलं, "सार, उपास तुम्हाला कळतो, देवाला कळतो, याच्या पोटाला कळत नाही. थोडं थोडं तीनदा द्या, आणि खाल्ल्यावर पळवू नका. आणि एक ऐका. या गल्लीत, या दगडावर हा फार दिवस काढणार नाही. मागचे पाय जातील. याला माती पाहिजे, मोकळं रान पाहिजे."

ते गेल्यावर मामा म्हणाले, "पुण्य मज होणा होतं गे. पोट त्याचं फुगलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तंबीची एकादशी त्या दिवसापासून बंद झाली. मामांनी भरपाई म्हणून स्वतःच्या उपासातलं दूधही सोडलं, ते मला मुळीच पटलं नाही, आणि त्यांनी माझं ऐकलं नाही.

गल्लीचा संयम मात्र सुटत चालला होता. पाटी पहाटे कावेरीवरून ओलेत्या सोवळ्यानं घागर घेऊन येत, आणि तंबीचा त्यांच्यावर फार जीव. एके दिवशी त्यानं त्यांच्यावर अंग रेललं. पाटी रस्त्यात बसल्या, घागर देवळापर्यंत घरंगळत गेली, आणि त्यांना पुन्हा नदी गाठावी लागली. त्यातून मी. रात्रपाळी करून, बाळंतिणींच्या अंगाखालचं सगळं आवरून मी घरी यायची ती नेमकी सोवळ्याच्या वेळी. बायका ओट्यावर चढून मला वाट देत. कुणी वावगं बोललं नाही, पण माझी सावली पडू नये म्हणून पदर आवरलेले मला दिसत, आणि ते लागायचं.

शेवटी वकील चार जणांना घेऊन आले. मी जिन्यात होते. एवढं तमिळ मला तोवर कळायला लागलं होतं.

"सार, तुमच्याबद्दल आम्हाला आदर आहे," वकील म्हणाले. "पण एका घरात दोन अनाचार म्हणजे फार झालं. एक आम्ही सोसू. कुत्रा तरी ठेवा, नाहीतर ती नर्स तरी. दोन्ही राहिले तर यापुढं एकादशीला आम्ही या चौकात पाय ठेवणार नाही."

भजन थांबलं तर मामा उरणार नाहीत, हे मला माहीत होतं. तंबीला ते टाकणार नाहीत, हेही माहीत होतं. राहता राहिले मी, कालची आलेली. मी वर जाऊन ट्रंक भरायला लागले. रागसुद्धा आला नाही. मामांच्या जागी मी असते तर मीही मलाच जा म्हटलं असतं.

खालून मामांचा वर्गातला आवाज ऐकू आला. "एक सोसाल?"

"सोसू."

"दोहोंतलं कोणतंही एक?"

"कोणतंही."

"आणि भजनाला इथंच याल? शब्द?"

"शब्द, सार."

"सिद्ध झालं," मामा म्हणाले, आणि वर तोंड करून मराठीत ओरडले, "ट्रंक खोल गे! कोठें चाललीस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात बैलगाडी उभी. तिरुनीलक्कुडीला मामांच्या एका विद्यार्थ्याची शेती होती. त्याच्या गोठ्याशेजारची खोली त्यांनी मागून घेतली होती. गाडीत एक वळकटी, एक तांब्या, झांजा आणि तंबी. तंबी चढल्यावर मामांना बसायला जागा उरली नाही, ते गाडीवानाशेजारी कोंबून बसले.

"मामा, हे काय चालवलंय?" मी रडतच विचारलं. "घर तुमचं आहे."

"डॉक्टरनं माती सांगितली. गल्लीनं एक सांगितलं. दोन्ही एका गाडींत बसतात," ते म्हणाले. "घराला माणूस होणा. तूं आहेस. एकादशीला समई लाव, मी पाहुणा येईन."

"आणि लोक नाही आले तर?"

"शब्द दिला आहे गे," ते म्हणाले. पण हे म्हणताना ते माझ्याकडे नाही, घराच्या दाराकडे बघत होते.

पहिल्या एकादशीला मी चौक सारवला, समई लावली आणि दारात उभी राहिले. मामा बसनं आले. आपल्या नेहमीच्या जागी न बसता ते पाहुण्यासारखे दाराशेजारी बसले. मी नर्स, घरात यजमानीण म्हणून एकटी, आणि समोर गल्लीची सगळी दारं लावलेली. मामांनी एकट्यानंच पहिलं नाम घेतलं. त्यांचा आवाज मी कधी इतका बारीक ऐकला नव्हता.

तेवढ्यात समोरचं दार वाजलं. पाटी रस्ता ओलांडून आल्या, माझ्यासमोर थांबल्या, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यांना आत जायचं होतं आणि मी दार अडवून उभी. त्यांना येणाऱ्या मराठीचा त्यांनी उपयोग केला. "मागं हो!"

मी मागं झाले. पाटी आत जाऊन आपल्या खांबाला टेकून बसल्या. मग एकेक दार उघडलं. सर्वांत शेवटी वकील आले, आणि दाराशी बसलेल्या मामांकडे न बघता त्यांनी झांजा उचलल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

पुढं वर्षं गेली. गल्लीतल्या लेकीसुनांची बाळंतपणं माझ्याच हातून होऊ लागली. त्याबद्दल कुणी कधी काही बोललं नाही, फक्त मला वाट देण्यासाठी ओट्यावर चढणं बंद झालं. एकदा सुट्टी काढून मी तिरुनीलक्कुडीला गेले. तंबी बांधावरून धावत आला, मातीनं माखलेला, कोपरांचे घट्टे गेलेले, आणि त्यानं मला चिखलात बसवलं. मामा गोठ्याच्या दारात होते. जन्म देवळाच्या घंटेखाली गेलेला माणूस, आता भोवती फक्त बेडूक. डासांनी अंग फोडून काढलेलं, कॉफी म्हणजे तपकिरी पाणी, आणि मराठी बोलायला पुन्हा एकटा तंबी.

"कसं आहे मामा?"

"तंबीला ठीक आहे."

"आणि तुम्हाला?"

"तंबीला ठीक आहे म्हंटलं नाहीं काय?" ते जरा चिडूनच म्हणाले, आणि लगेच माझी मराठी सुधारायला लागले. मीही त्या दिवशी मुद्दाम जास्त चुकत राहिले.

एवढी मोठी कुत्री फार जगत नाहीत. सात-आठ वर्षांत त्यांचं म्हातारपण उरकतं. देव त्यांना अंग भरपूर देतो आणि वर्षं देताना हात आखडतो. तंबी त्या मानानं पुष्कळ जगला, आणि त्याचे मागचे पाय शेवटपर्यंत चालले. हे मी मामांना कितीदा तरी सांगितलं आहे, आणि ते खरंच आहे.

ज्या दिवशी मामा आले ती एकादशी नव्हती. भर दुपार होती, मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. ते पायरीखालीच थांबले. काखेत वळकटी, हातात तंबीची साखळी गुंडाळलेली. साखळी पाहून मी काय ते समजले. उठायचंही मला सुचेना.

"खोली आहे काय गे?" त्यांनी विचारलं. "राहूं द्यायचं कीं नाहीं तें सांगायला आतां कोण नाहीं."

स्वतःच्या घराच्या पायरीखाली उभे राहून ते मला विचारत होते, आणि थट्टा नव्हती ती. गोठ्यात जाताना घर त्यांनी खरोखरच मला देऊन टाकलं होतं. माझे हुंदके आवरेनात.

"तंबीनं कधीच सांगून ठेवलंय मामा," मी म्हटलं. "या."

त्यांची वळकटी घेऊन मी बोळात शिरले. मागं पावलं ऐकू येईनात म्हणून वळून पाहिलं. मामा सवयीनं दोन्ही तळवे लावून भिंतीला चिकटून उभे होते, आधी त्याला जाऊ द्यायला. मीही वळकटी छातीशी धरली, भिंतीला चिकटले, आणि आम्ही दोघांनी त्याला जाऊ दिलं.